मूल कुणाजवळ राहतं? विचारा, आणि लगेच लिहून ठेवा

अमेरिकेत फी घेऊन दुसऱ्यांची टॅक्स रिटर्न भरून देणाऱ्यांमध्ये दोन समज घट्ट बसलेले दिसतात. पहिला असा की क्लायंट सांगेल ते फॉर्मवर उतरवायचं. सही त्याची, तेव्हा जबाबदारीही त्याचीच. दुसरा याच्या अगदी उलट. रिटर्नवर दाखवलेलं मूल खरोखर त्या घरात राहतं का, याचा आपण पोलिसासारखा तपास करायला हवा, असा. पहिल्यापायी दंड होतो आणि दुसऱ्यापायी क्लायंट जातो. कायद्याला मात्र या दोन्हींपेक्षा वेगळं काहीतरी हवं आहे.

क्लायंटने प्रामाणिकपणे सांगितलेल्या माहितीवर, ती स्वतंत्रपणे पडताळून न पाहताही, विसंबण्याची मुभा नियमांनी दिली आहे. पण सांगितलेलं चुकीचं, विसंगत किंवा अपुरं वाटत असेल, तर पुढचा प्रश्न विचारावाच लागतो आणि प्रश्न व उत्तर त्याच वेळी लिहून ठेवावं लागतं. शिवाय जे तुम्हाला आधीच ठाऊक आहे, ते ठाऊक नसल्यासारखं वागता येत नाही.

आपल्या लोकांची रिटर्न भरणाऱ्या मराठी प्रिपेअररची खरी अडचण इथेच असते. ज्याचं रिटर्न भरायचं त्याच्याकडेच आपण गणपतीत जेवून आलेलो असतो. ‘धाकटी मार्चपासून सांगलीला आजीकडे आहे, डे-केअर परवडत नाही हो’ हे वाक्य आपण पंगतीत ऐकलेलं असतं. फेब्रुवारीत तेच कुटुंब दोन मुलांचं क्रेडिट मागतं तेव्हा ते वाक्य विसरता येत नाही. परक्या माणसाच्या बाबतीत माफ झालं असतं असं अज्ञान ओळखीच्या क्लायंटच्या बाबतीत आपल्याजवळ उरलेलंच नसतं.

चार कर्तव्यं आणि त्यांचा दंड

प्रिपेअररवरची ही जबाबदारी एका दिवसात आलेली नाही. १९९७च्या कायद्याने ती अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिटपुरती, म्हणजे ईआयटीसीपुरती, घातली. २०१५च्या कायद्याने चाइल्ड टॅक्स क्रेडिट आणि कॉलेजशिक्षणाचं अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट तिच्या कक्षेत आणलं. २०१७च्या कायद्याने हेड ऑफ हाउसहोल्ड हा फाइलिंग दर्जाही जोडला.

आज यांपैकी काहीही रिटर्नवर असेल, तर चार गोष्टी कराव्या लागतात. फॉर्म ८८६७ भरून रिटर्नसोबत पाठवायचा. क्रेडिटचा हिशेब वर्कशीटवर मांडायचा. माहितीबाबत वर सांगितलेली सावधगिरी बाळगायची. आणि हे सगळं केल्याच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या.

यांत कसूर झाली तर कलम ६६९५(जी)खाली दंड होतो. २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नांसाठी तो प्रत्येक चुकीमागे ६३५ डॉलर होता, आणि महागाईनुसार तो वाढत जातो. एकाच रिटर्नवर तिन्ही क्रेडिटं आणि हेड ऑफ हाउसहोल्ड अशा चारही बाबतींत चूक झाली, तर रक्कम २,५४० डॉलरवर जाते. ही रक्कम क्लायंट भरत नाही, प्रिपेअरर भरतो. काही परिस्थितींत त्याच्या फर्मलाही वेगळा दंड होतो. व्हिटा या मोफत कर-मदत कार्यक्रमात फी न घेता काम करणाऱ्या स्वयंसेवकांना हा दंड लागू नाही.

क्लायंटचं नुकसानही थोडं नसतं. दिलेलं क्रेडिट व्याजासकट परत जातं. नियम बेफिकिरीने मोडले असं ठरलं तर ते क्रेडिट दोन वर्षं मागता येत नाही, आणि लबाडी ठरली तर दहा वर्षं. एकदा नाकारलेलं क्रेडिट पुन्हा मागताना बहुतेक वेळा फॉर्म ८८६२ जोडावा लागतो. प्रश्न विचारल्यावर रुसणाऱ्या क्लायंटला हे शांतपणे सांगा. बहुतेकांना ते पटतं.

‘जवळ राहणं’ कसं मोजतात

मूल करदात्याबरोबर वर्षाच्या निम्म्याहून जास्त काळ राहिलेलं असावं, ही मूळ अट. रात्री मोजायच्या झाल्या तर साध्या वर्षात किमान १८३ आणि लीप वर्षात १८४. ईआयटीसीसाठी ते घर अमेरिकेतच, म्हणजे ५० राज्यांत किंवा डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियात असावं लागतं. वर्षाच्या मध्येच जन्मलेलं बाळ जन्मापासून तुमच्याच घरी असेल, तर ते वर्षभर राहिलं असं धरतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जन्मलेल्या बाळालाही हे लागू होतं.

तात्पुरती गैरहजेरी हा इथला सगळ्यात नाजूक भाग. आजारपण, शिक्षण, कामधंदा, सुट्टी, सैन्यातली नोकरी अशा कारणांनी मूल घराबाहेर राहिलं, ते परत येणार असं मानायला जागा असली आणि दरम्यान त्याचं घर चालू ठेवलेलं असलं, तर तो काळ घरी राहिल्यासारखाच मोजतात.

आपल्याकडची उदाहरणं घेऊ. उन्हाळ्याच्या सुट्टीत अडीच महिने नाशिकला मामाकडे गेलेल्या मुलाबद्दल वाद नाही. पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत शिकणारा अमेरिकी नागरिक मुलगा, ज्याचे आईवडील डॅलसमध्ये आहेत आणि जो सुट्टीत त्यांच्याकडेच येतो, त्याची बाजूही शिक्षणाच्या कारणामुळे मांडता येते. पण दीड वर्षाची मुलगी आठ महिने आजीकडे ठेवली, कारण इथे सांभाळायला कुणी नाही, ही गोष्ट वेगळी. नियमातल्या नेहमीच्या कारणांत ती सहज बसत नाही. इथे कारण, परतीची तारीख आणि मधल्या काळात आईवडिलांचं जाणं-येणं हे सगळं तपशिलात विचारल्याशिवाय क्रेडिट घालू नका. आणि आईच मुलासह पुण्याला राहायला गेली, मुलाचं नाव तिथल्या शाळेत घातलं, तर वडील एकटे न्यू जर्सीत असले म्हणून मुलाचं घर न्यू जर्सीत राहत नाही.

ओळख पटली, पण पात्रता?

राहण्याच्या अटीबरोबर नागरिकत्वाची आणि नंबराची अटही तपासावी लागते, कारण आपल्या कुटुंबांत तिन्हींची सरमिसळ असते. एकाच घरात एच-४ व्हिसावरची मोठी मुलगी आणि इथे जन्मलेला, अमेरिकी पासपोर्टचा धाकटा, हे चित्र नेहमीचंच.

२०२५ या करवर्षासाठी चाइल्ड टॅक्स क्रेडिट प्रत्येक मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत आहे. त्यासाठी मुलाकडे नोकरीसाठी ग्राह्य असा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. मोठीकडे फक्त आयटीआयएन असेल, तर तिच्यासाठी इतर डिपेंडंटांचं ५०० डॉलरपर्यंतचं क्रेडिट मिळू शकतं, तेही ती अमेरिकेची कर-रहिवासी असेल तरच. भारतीय पासपोर्टचं, भारतातच राहणारं मूल, मग महिन्याला कितीही पैसे पाठवत असा, अमेरिकी रिटर्नवर डिपेंडंट होत नाही.

आयटीआयएनचा अर्जच कधी कधी राहण्याचा प्रश्न उघडा करतो. फॉर्म डब्ल्यू-७ सोबत मुलाचा पासपोर्ट जोडताना त्यावर अमेरिकेत शिरल्याची तारीख नसेल, तर तो एकटा पुरत नाही. सहा वर्षांखालच्या मुलासाठी वैद्यकीय नोंदी आणि त्यापुढे अठरापर्यंत शाळेच्या नोंदी द्याव्या लागतात. त्या देताना क्लायंट घुटमळला, तर तुमचा पुढचा प्रश्न तिथेच सापडतो.

कुठे कान टवकारायचे

नियमांत दिलेली उदाहरणं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एकात २२ वर्षांचा करदाता १० आणि ११ वर्षांच्या दोन मुलांवर ईआयटीसी मागतो. वयांची वजाबाकी केली तरी प्रश्न उभा राहतो. मुलं दत्तक असतील, सावत्र असतील, कुणी सांभाळायला दिली असतील; उत्तर सरळ असू शकतं, पण विचारावं लागतं. दुसऱ्यात १८ वर्षांची मुलगी तान्ह्या बाळावर क्रेडिट मागते आणि स्वतः आईवडिलांकडे राहते. इथे ती स्वतःच त्यांची डिपेंडंट तर नाही ना, हे आधी पाहायचं.

आपल्या क्लायंटमध्ये दिसणारे इशारे थोडे वेगळे असतात. मागच्या वर्षी डे-केअरचा खर्च दाखवला होता आणि यंदा तो शून्य झाला, मूल मात्र तीनच वर्षांचं आहे. मुलाच्या शाळेचा पत्ता वेगळ्या राज्यातला आहे. घटस्फोट झालेला आहे, तरी दोन्ही मुलं एकाच पालकाच्या रिटर्नवर. आजी-आजोबा, मुलगा, सून, नातवंडं एका घरात राहतात आणि आजोबांनाही नातवावर क्रेडिट हवं आहे. अशा वेळी प्राधान्य आईवडिलांचं. पात्र असूनही त्यांनी मागितलं नाही, तर आजोबांचं उत्पन्न त्या दोघांपैकी प्रत्येकापेक्षा जास्त असावं लागतं.

घटस्फोटात गोंधळ जास्त होतो. रात्री ज्याच्याकडे जास्त, तो पालक कस्टोडियल. रात्री समान असतील, तर ज्याचं समायोजित उत्पन्न जास्त, तो. कस्टोडियल पालकाने फॉर्म ८३३२ वर सही केली तर दुसऱ्याला चाइल्ड टॅक्स क्रेडिट मिळतं, पण ईआयटीसी आणि हेड ऑफ हाउसहोल्ड त्या सहीने जात नाहीत. कोर्टाच्या आदेशात ‘मुलगा वडिलांच्या रिटर्नवर’ असं लिहिलं आहे म्हणून वडिलांना हे सगळं मिळत नाही. दोन्ही पालक तुमचेच क्लायंट असतील तर आधी हितसंबंधांचा विचार करा. एकाची माहिती दुसऱ्याला सांगता येत नाही, आणि एकाच मुलावर परस्परविरोधी दावा करणारी दोन रिटर्न तुम्ही सही करून पाठवू शकत नाही.

हेड ऑफ हाउसहोल्डचा आणखी एक सापळा एच-१बीवाल्यांसाठी आहे. पत्नी भारतात, अमेरिकेची कर-रहिवासी नाही आणि तिला रहिवासी मानण्याचा पर्याय घेतलेला नाही, तर या दर्जासाठी पती अविवाहित मानला जाऊ शकतो. एवढं वाचून काही जण थांबतात. पण पात्र मूल त्याच्या घरी राहायला हवं आणि घरखर्चाचा निम्म्याहून जास्त भार त्याचा हवा. मूल आईबरोबर कोल्हापुरात असेल, तर हा दर्जा मिळत नाही.

प्रश्न कसे विचारायचे

‘मुलं तुमच्याचकडे राहतात ना?’ हा प्रश्न उत्तर हातात देऊनच विचारलेला असतो. त्याऐवजी वर्ष उलगडायला लावा.

– एक जानेवारीला मूल कुठे होतं? तिथून पुढे वर्षभर कुठे कुठे राहिलं?
– या वर्षात ते भारतात कधी गेलं, कुणाबरोबर गेलं, कधी परतलं?
– ते परत कधी येणार हे जातानाच ठरलं होतं का? तिकीट दोन्हीकडचं होतं का?
– दिवसा त्याला कोण सांभाळतं? शाळा किंवा डे-केअर कोणतं?
– घरात आणखी कोण कोण राहतं? त्यांपैकी कुणी या मुलावर क्रेडिट मागितलंय का?
– दुसरा पालक कुठे असतो? मूल त्याच्याकडे किती रात्री असतं?
– उद्या आयआरएसने पत्र पाठवलं, तर हे दाखवणारे कागद तुम्ही देऊ शकाल का?

शेवटचा प्रश्न फॉर्म ८८६७ मध्येच आहे, त्यामुळे तो विचारल्याबद्दल कुणी नाराज व्हायचं कारण नाही. वयाने मोठ्या क्लायंटना विचारताना संकोच वाटतो. ‘काका, हा फॉर्मवरचाच प्रश्न आहे, सगळ्यांना विचारतो’ म्हणा आणि खरोखरच सगळ्यांना विचारा. संशयितांना वेगळे आणि मित्रांना वेगळे प्रश्न ठेवलेत, तर तुमच्या नोंदीच तुमच्याविरुद्ध बोलतील.

पंगतीत ऐकलेली गोष्ट क्लायंटच्या तोंडावर मारायची गरज नाही. ‘धाकटी सध्या कुठे असते?’ एवढा सरळ प्रश्न पुरतो. उत्तर ऐकलेल्या गोष्टीशी जुळलं नाही, तर तारखा विचारा आणि कागद मागा.

कोणता कागद काय सांगतो

राहण्याचा पुरावा म्हणून चालणाऱ्या कागदावर तीन गोष्टी एकत्र लागतात: मुलाचं आणि पालकाचं नाव, दोघांचा एकच पत्ता, आणि त्या करवर्षातल्या तारखा. शाळेच्या लेटरहेडवरचं पत्र, बालरोगतज्ज्ञाच्या भेटींच्या नोंदी, डे-केअरचं पत्र, राहणाऱ्यांची नावं असलेलं लीज किंवा घरमालकाचं पत्र, समाजसेवा खात्याचा किंवा धार्मिक संस्थेचा दाखला, हे सगळे उपयोगी आहेत. डे-केअर चालवणारी बाई नात्यातली असेल, तर तिच्या पत्राला दुसऱ्या कागदाची जोड हवी.

शाळेच्या कागदात एक खोच असते. अमेरिकेतलं शालेय वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होऊन मे-जूनमध्ये संपतं आणि करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं. म्हणून एकाच यत्तेचं पत्र बहुधा निम्म्याहून जास्त वर्ष दाखवत नाही. दोन यत्तांची पत्रं लागतात. लसीकरणाच्या नोंदीचं मोलही लोकांच्या लक्षात येत नाही. तीवर तारखा असतात आणि दवाखान्याचं नाव असतं. मूल त्या दिवशी कोणत्या देशात होतं ते त्यातून कळतं.

जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड, वाढदिवसाचे फोटो यांनी नातं आणि ओळख कळते. मूल कुठे राहतं ते कळत नाही. मागच्या वर्षाचं रिटर्न हाही यंदाचा पुरावा नव्हे.

भारतवारीचा प्रश्न असेल तर विमानाची तिकिटं आणि पासपोर्टवरचे भारतात शिरतानाचे व निघतानाचे शिक्के पाहा. नागरिक नसलेल्या मुलांचा आय-९४ चा प्रवास-इतिहास अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून मिळतो. अमेरिकी नागरिक मुलांचा तिथे मिळत नाही, आणि त्यांच्या पासपोर्टवर अमेरिकेत परतताना दर वेळी शिक्का मारतातच असं नाही. त्यामुळे त्यांच्या बाबतीत भारताचे शिक्के आणि तिकिटं महत्त्वाची ठरतात.

प्रत्येक क्लायंटकडून हे सगळे कागद मागायची सक्ती नाही. पण जो कागद पाहून तुम्ही निर्णय घेतला, त्याची प्रत ठेवावीच लागते आणि फॉर्म ८८६७ वर त्याचा उल्लेख करावा लागतो.

टिपण असं असावं

‘क्लायंटशी बोललो, सगळं ठीक’ हे टिपण नव्हे. कधी, कुणाकडून, काय विचारलं, काय कळलं आणि कशावरून ठरवलं, हे त्यात दिसलं पाहिजे. उदाहरणार्थ:

‘१२ फेब्रुवारी. आईशी फोनवर बोललो. मुलगा, वय ४, अमेरिकी नागरिक. ३ जूनला आजोबांबरोबर भारतात, सुट्टीसाठी. १८ ऑगस्टला परत. परतीचं तिकीट आधीच काढलेलं. बाकी वर्ष आईवडिलांबरोबर रिटर्नवरच्या पत्त्यावर. घरात आजीही राहते. तिचं वेगळं रिटर्न नाही. पाहिलं: डे-केअरचं पत्र, जानेवारी ते मे आणि सप्टेंबर ते डिसेंबर, तिकिटं. प्रती फाइलमध्ये.’

एवढ्याला पाच मिनिटं लागतात. ते त्याच दिवशी लिहा. दोन वर्षांनी आयआरएसचा अधिकारी समोर बसला की आठवणीतून लिहिलेल्या टिपणाला किंमत राहत नाही. रिटर्नची मूळ मुदत आणि प्रत्यक्ष पाठवल्याची तारीख, यांत जी उशिराची असेल तिथपासून तीन वर्षं फॉर्म ८८६७, वर्कशीट, कागदांच्या प्रती आणि टिपणं एकत्र ठेवा. स्कॅन करून ठेवली तरी चालतात.

नाही म्हणायची वेळ

उत्तरं जुळत नसतील आणि क्लायंट कागद द्यायला तयार नसेल, तर ते क्रेडिट सोडून रिटर्न भरा किंवा काम परत करा. ‘दुसरा प्रिपेअरर करून देतो’ असं तो म्हणेल. म्हणू द्या. जाणूनबुजून चुकीचं रिटर्न भरणाऱ्याला कलम ६६९४ खालचा दंड ५,००० डॉलरपासून सुरू होतो.

कधी बोलता बोलता कळतं की मागच्या वर्षीही मूल भारतातच होतं आणि क्रेडिट घेतलं गेलं. तुम्ही सीपीए किंवा एनरोल्ड एजंट असाल, तर सर्क्युलर २३० प्रमाणे ही चूक आणि तिचे परिणाम क्लायंटला तातडीने सांगणं तुमचं काम आहे. आयआरएसला कळवण्याचं बंधन तुमच्यावर नाही. फॉर्म १०४०-एक्स भरून दुरुस्ती करायची की नाही, हे त्याने ठरवायचं. तुम्ही सांगितलंत, हे मात्र लिहून ठेवा.

माहितीचं गुपित, इथे आणि पुण्यात

कुणाचं मूल कुठे आहे, कुणाचा घटस्फोट कुठवर आला, हे या कामात कळतं. ते मंडळाच्या बैठकीत बोलून दाखवणं कलम ७२१६ खाली गुन्हा ठरू शकतो. कागद व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका, सुरक्षित पोर्टल वापरा. माहितीच्या सुरक्षिततेची लेखी योजना प्रिपेअररकडे असणं बंधनकारक आहेच.

अनेक अमेरिकी फर्म्स रिटर्नचं काम पुण्या-मुंबईतल्या टीमकडून करून घेतात. त्यासाठी क्लायंटची लेखी संमती आधी घ्यावी लागते, आणि पुरेशी सुरक्षाव्यवस्था नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर झाकूनच कागद पाठवावे लागतात. तिथे बसून डेटा भरणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं की डे-केअरचा शून्य झालेला खर्च सगळ्यांत आधी तुम्हाला दिसतो. तो प्रश्न म्हणून वर पाठवा. सही दुसऱ्याची असली तरी विसंगती तुमच्या नजरेखालून गेलेली असते.

डिसेंबरातच सुरुवात करा

हंगामाच्या गर्दीत प्रश्न विचारायला वेळ नसतो, म्हणून नववर्षाआधीच क्लायंटना एक पानाचं पत्र पाठवा. मुलांच्या वर्षभराच्या मुक्कामाच्या तारखा, शाळेची दोन पत्रं, डे-केअरची पावती, भारतवारीची तिकिटं आणि असेल तर फॉर्म ८३३२, एवढं त्यात मागा. ईआयटीसी किंवा चाइल्ड टॅक्स क्रेडिटचा परत मिळणारा भाग असलेले रिफंड कायद्यानेच फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थांबवलेले असतात, हेही त्यात लिहा. मग जानेवारीत ‘लवकर पाठवा’ म्हणणारे फोन कमी होतात आणि कागद जमवायला त्यांनाही वेळ मिळतो. आणि पत्र नातेवाईक, मित्र, शेजारी अशा सगळ्याच क्लायंटना सारखं जाऊ द्या. ज्यांच्या घरचं तुम्हाला जास्त ठाऊक आहे, त्यांना ते आधी पाठवा.